पंपाची जागा

सासऱ्यांचा हात कोपरापर्यंत टाकीत होता आणि पंप बंद होता.

दारातूनच सुनेला दोन्ही दिसलं. डोकं ठणकतंय म्हणून ती ऑफिसातून दोन तास आधी निघाली होती. खांद्यावरची पर्स तिथेच खाली पडली.

"बाबा, हात काढा!"

सासरे स्टुलावर दचकले. पण हात काही त्यांनी बाहेर काढला नाही.

खाऱ्या पाण्याची ती चार फुटी टाकी तिच्या नवऱ्याची. त्याने त्या पाण्यात जिवंत प्रवाळं वाढवली होती. हौस म्हणून सुरू केलं आणि मग पुरता नादी लागला. चौदा महिन्यांपूर्वी तो गेला. सकाळी छातीत कळ आली, दुपारपर्यंत सगळं संपलं. नंतर तिने त्याचे कपडे देऊन टाकले, गाडी विकली, पण टाकीला कुणाला बोट लावू दिलं नाही. प्रवाळांना समुद्रासारखं हलतं पाणी लागतं. ते हलवणारा पंप डाव्या काचेला आतून चिकटलेला असे आणि बाहेरून एक लोहचुंबक त्याला धरून ठेवी. तो गेला त्याच आठवड्यात तिने त्या चुंबकाभोवती नेलपॉलिशने लाल गोल काढला. पंप इथेच राहील, ह्यांनी ठेवला तिथेच, असं तिने बजावलं. त्यावर सासऱ्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

ती धावत डाव्या काचेपाशी गेली. चुंबक गोलात अगदी बरोबर बसलेला होता. तिचा जीव भांड्यात पडला. आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली.

"जन्मभर नळ जोडलेत म्हणून आता हेही जोडायला निघालात? चौदा महिने हा सूतभर हललेला नाही. म्हणून हे सगळं जिवंत आहे, कळतंय का तुम्हाला?"

सासरे मान खाली घालून ऐकत होते. एरवी हा माणूस टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्याशीसुद्धा वाद घाली. पंप किती वेळ बंद होता कोण जाणे. पाणी निपचित पडलं होतं. दोन मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते.

"काढा हात. मी स्विच दाबतेय."

"दाब. पण आधी पलीकडून बघ."

"मला काही बघायचं नाही."

"बघ, पोरी."

टाकीची उजवी बाजू आणि कपाट यांच्यामध्ये जेमतेम वीतभर फट होती. तिने तिथे डोकं घातलं. मधल्या दगडावर ते हिरवं प्रवाळ होतं, नवऱ्याने आणलेलं पहिलं. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती त्याच्यासमोर बसायची. समोरून ते ताटाएवढं, टवटवीत दिसायचं. इथून दिसली ती त्याची मागची कड. तीन बोटं रुंद, खडूसारखी पांढरीफटक.

"काय केलंत तुम्ही ह्याला?"

सासऱ्यांनी हात बाहेर काढला आणि नुसती स्विचकडे मान केली. तिने तो दाबला. पंप घुमला. त्यांनी डब्यातलं चिमूटभर खाणं पाण्यात सोडलं. कण समोरून झपाट्याने गेले, काचेवर आपटून वळले, मासे त्यांच्यावर तुटून पडले. पण जे प्रवाळाच्या मागे गेले, ते तिथेच खाली बसले. खाली आधीच करड्या गाळाचा थर होता. त्यातलं काहीसुद्धा हललं नाही.

"तिथं पाणी पोचत नाही," सासरे म्हणाले. "घाण साचते आणि ती ह्याला खाते. महिनाभरात काही उरायचं नाही."

"ह्यांनी विचार करूनच ठेवला असेल ना पंप?"

"विचार करूनच ठेवला होता. तेव्हा हे शर्टाच्या बटणाएवढं होतं." त्यांचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "त्यानंच वाढवलंय. आता तेच पाणी अडवतंय. पंप उजव्या काचेवर न्यायला हवा."

ती टाकी आणि सासरे यांच्यामध्ये येऊन उभी राहिली. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. सासऱ्यांचा, असा अर्ध्यावर उठून गेलेल्या नवऱ्याचा, आणि कुणी सांगितलं नसताना वाढत बसलेल्या त्या प्रवाळाचाही. पंप हलवला तर ह्यांनी ठेवलेली शेवटची वस्तू जागची हलणार. नाही हलवला तर ह्यांनी वाढवलेलं मरणार. दोन्हीकडून तिचंच जाणार होतं.

तिने हाताने तो लाल गोल झाकला.

"ह्यांचा शेवटचा हात इथे लागलाय, बाबा. मी हा कसा पुसू?"

सासरे सावकाश स्टुलावरून उतरले. मग ओल्या हाताने त्यांनी शर्टाच्या खिशातून एक इवलीशी बाटली काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. लाल नेलपॉलिश. निम्म्याच्या वर संपलेली.

"पाच वेळा पुसलाय मी तो," ते म्हणाले. "तुला कळू नये म्हणून बोटभर बोटभर सरकवत आलो. पण आता एवढ्या लांब न्यायचा तर लपायचं नाही. या वेळचा गोल तूच काढ."