चौकशी

"दादा, आला बघ! तोच, चौकड्यांच्या शर्टवाला!" क्षिप्रा खिडकीच्या पडद्याआडून ओरडली.

सलिल लॅपटॉप सोडून धावला. समोरच्या रसवंतीपाशी तो माणूस उभा होता. कोपरीच्या शूटिंगला दिसलेला, आंबिवलीला दिसलेला, आणि आता थेट डोंबिवलीत, त्यांच्या सोसायटीसमोर.

"म्हणजे आपल्यावर खरंच वॉच आहे!" क्षिप्राला आनंद लपवता येईना. "दादा, आपली फिल्म हिट आहे रे!"

फिल्मचं नाव 'तिसरा कान'. सरकार लोकांचे फोन कसं ऐकतं, नवराबायकोची भांडणंसुद्धा कशी जपून ठेवतं, यावरचा थरारपट. भावाने काढलेला, बहिणीने एडिट केलेला. शनिवारी ठाण्यात पहिला शो होता. ज्याच्यावर कुणी डोळा ठेवत नाही तो कसला राजकीय सिनेमा, असं दोघांचं ठाम मत. त्यामुळे सलिलच्या छातीत धडधडत होतं ते जास्त करून आनंदानेच.

भीती होती ती एकाच गोष्टीची. फिल्ममधलं फोन ऐकणारं ऑफिस इतकं हुबेहूब उतरलं होतं, ते तिथल्याच एका माणसामुळे. नाव फुटलं असतं तर तो नोकरीला मुकला असता, कदाचित तुरुंगातही गेला असता. दोघांनी ते नाव फोनवरसुद्धा कधी घेतलं नव्हतं.

"मी विचारतोच त्याला," म्हणत सलिल तसाच अनवाणी खाली गेला.

थोड्या वेळाने तो त्या माणसाला घेऊनच वर आला. दोघंही हसत होते.

"आई, पोहे टाक! हे रतनभाऊ. कादंबरीच्या मामांनी पाठवलंय. माझी चौकशी करायला!"

क्षिप्राचा चेहरा पडला. आईचा, सुमतीबाईंचा, मात्र उजळला. मागच्याच आठवड्यात सगळे कादंबरीला बघायला कल्याणला गेले होते. तिच्या पाच मावश्यांनी सलिलला घेरून भंडावून सोडलं होतं, आणि होकार काही अजून आला नव्हता.

"मामा त्या दिवशी बाहेरगावी होते ना," रतनभाऊ ओशाळून म्हणाले. "म्हणाले, मुलगा सिनेमावाला आहे, जरा लांबून बघून ये. सापडलोच शेवटी!"

"अहो, मुलीकडच्यांनी चौकशी करायलाच हवी. विचारा काय हवं ते." सुमतीबाई खोबरं भुरभुरलेले पोहे घेऊन आल्या. मागोमाग रव्याचे लाडूही आले.

"व्यसन वगैरे?"

"सुपारीच्या खांडाचंसुद्धा नाही!"

"आणि मित्रमंडळी? मामा म्हणतात, मुलगा ओळखायचा तर त्याचे मित्र बघावेत."

"एकही वाया गेलेला नाही हो. तो सुधीर तर सरकारी नोकरीत. फोनबिन ऐकायचं काहीतरी काम असतं म्हणे. रविवारी येतो, दोघं दार लावून बसतात. इतका सज्जन, जेवलेलं ताट स्वतः घासून ठेवतो."

"आई, पुरे," सलिल म्हणाला. त्याने चोरून पाहुण्याकडे पाहिलं. पण रतनभाऊ लाडवातला बेदाणा काढण्यात गर्क होते. सलिलला आपलंच हसू आलं. सोयरीक जुळवायला आलेल्या माणसाला कसलं घाबरायचं?

"छान. कुठे राहतात हे सुधीर?"

"कळव्याला."

"छान, छान."

निघताना रतनभाऊंनी सुमतीबाईंना वाकून नमस्कार केला. "माझ्याकडून पसंत. आता वरती सांगतो."

दार लागताच सलिलने कादंबरीला फोन लावला. आनंदाने त्याचा आवाज चढला होता.

"पास झालो! तुझ्या मामांचा माणूस आत्ताच पोहे खाऊन गेला."

"कोणाचा?" ती खळखळून हसली. "अरे, माझ्या आजीला सहाच्या सहा मुली. मला मामा कुठला?"