न निघणारा गज

मुलीला मागणी घालायला आलेल्या शस्त्रसंशोधकापुढे तिच्या वडिलांनी पणजोबांचे चकमकीचे पिस्तूल ठेवले. “कुठलं ते ओळखा, मग पुढचं बोलू. फक्त दारू ठासायचा हा गज अडकलाय. वर्षानुवर्षं तेल घालून ओढतोय, हलत नाही.” संशोधकाने भिंगातून नळीखाली पाहिले आणि भिंग हळूच खाली ठेवले. बाबांना दुखवू नकोस, असे मुलीने डोळ्यांनीच दटावले. पण पुराव्याशी लबाडी त्याला लग्नासाठीही जमेना. “पिस्तूल तुर्की अमलातल्या बाल्कन मुलखातलं, काका. तिथले कारागीर शोभेपुरता गज नळीखालच्या पत्र्यातच घडवत. खरा गज कमरेला वेगळा लटकत असे. हा निघण्यासाठी बनवलेलाच नाही.” “तरी मी म्हणत होते!” मुलीची आई आतून ओरडली. हातातली तेलाची बाटली सावकाश बाजूला सारून वडील संशोधकाच्या कानाशी वाकले. “हे आमच्या थोरल्या भावाला सांगू नका. रविवारी ओढायची पाळी त्याची आहे, जावईबापू.”