इंटरकॉममधली खरखर

नवरा गॅरेजमध्ये दोन सीटचं विमान बनवतोय. विमान कसलं, माझ्या उरावर सवतच आणून बसवलीय. माझं बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडणारा माणूस तिची बारीकशी कुरकुरही कान लावून ऐकतो.

काल विमानातल्या इंटरकॉममध्ये खरखर यायला लागली. त्याने मला मागच्या सीटवर बसवून दोघांच्याही कानांवर हेडफोन चढवले. म्हणाला, "खरखर कुठून येते ते सापडेपर्यंत बोलत राहा. काहीही बोल, थांबू नकोस."

मी माहेरचं बोलले, शेजारणीचं बोलले, मनातलंही बोलले. तो डोळे मिटून शब्दन् शब्द ऐकत होता.

शेवटी माझ्या सीटमागे अर्थिंगच्या वायरचा सैल स्क्रू सापडला. त्याने तो आवळला. "झालं. उतर आता."



तो हात धुवून येईपर्यंत मी स्क्रू पुन्हा सैल करून ठेवला.