यजमानांचा दम

सामन्याची जादा वेळ संपत आली तरी शर्वरीला साधी धाप लागली नव्हती. तिचा सगळा शीण मनगटावरच्या पट्टीतून गॅलरीत तशीच पट्टी बांधून बसलेल्या घरच्या माणसाकडे जात होता. पट्टी मैदानापुरतीच चालायची आणि फक्त रक्ताच्या नात्यात जुळायची. पाहुण्या संघातल्या बहुतेक पोरींची माणसं सातासमुद्रापार राहिली होती, त्यामुळे त्या आता पाय ओढत पळत होत्या. हल्ली विश्वचषक यजमानच जिंकायचे, ते असे.

"आबा, तुमचं हृदय अधू आहे. मला दम दादाच पुरवणार," असं तिनं निघताना बजावलं होतं. कोल्हापुरात तालमीच्या संघातून उभी हयात फुटबॉल खेळलेले आबा नुसते हसले होते.

तिनं दोघींना चकवून गोल मारला. स्टेडियम दणाणलं. दादाला हात करायला ती वळली, तर दादा एका खुर्चीपुढं वाकून ओरडत होता, "आबा! तरी म्हणत होतो, पट्टी मला द्या! डोळे उघडा की, आबा!"

शर्वरी तिकडं धावत सुटली, आणि पहिल्या काही पावलांतच तिला धाप लागली.