बोकडानंतर नंबर

सकाळी चिरून ठेवलेलं मटण शेवंताबाईंनी दुपारी शिजवायला उचललं आणि किंचाळून हातातून सोडलं. चिरा बुजल्या होत्या. तुकडे एकमेकांना चिकटले होते आणि मधे कोवळं, गुलाबी मांस भरून आलं होतं.

“शी! मेलं जितंच आहे की!”

“प्लाझ्माचा, त्या विजेनं भारलेल्या हवेचा झोत मारतो ना आता खाटीक,” दत्तोबा खाटेवरून म्हणाले. “जंतू मरतात, मांस ताजं राहतं. माणसांच्या जखमांवर मारायची परवानगी अजून यायचीय.”

साखरेमुळं त्यांच्या पायाची जखम पाच महिने भरत नव्हती. सोमवारी पाऊल कापायचं ठरलं होतं.

पदर नाकाला लावून शेवंताबाईंनी मटणाकडे पुन्हा निरखून पाहिलं, मग दत्तोबांच्या पायाकडे.

“उठा. एका पायात चप्पल घाला.”

“कुठं?”

“खाटकाकडं. बोकडानंतर तुमचा नंबर.”