रिकामी खोली

हात वीतभर उचलला गेला आणि खोलीत दिवा लागला. म्हाताऱ्याचा स्वतःवरच विश्वास बसेना. अंग लुळं पडून, वाचा जाऊन सहा महिने झाले होते. डॉक्टरांनी तर कधीच हात टेकले होते.

पोरगा त्याचा इंजिनिअर, इमारतींना अक्कल शिकवणारा. पहिली शिकवली स्वतःच्या घराला. प्रत्येक खोलीच्या छतात एक डोळा बसवला. खोलीत कोणी हललं की दिवा लागायचा, खिडकीचा पडदा वर जायचा. दहा मिनिटं कोणी हललं नाही की सगळं बंद. आता हा म्हातारा कुठून हलणार? सांभाळणारी बाई भरवून गेली की भर दुपारी खोलीत काळोख. बिचारीने दोनदा सांगून पाहिलं. पोरगा म्हणाला, त्यांना काय कळतंय, पडून तर असतात.

कळत सगळं होतं. म्हाताऱ्याला फक्त खिडकी हवी होती. म्हणून तो काळोखात दिवस दिवस त्या मेल्या डाव्या हाताच्या मागे लागला होता, आणि आज हात वठणीवर आला. पडदा सरसर वर गेला. समोरच्या गच्चीवर कोणी बाई चादरी वाळत घालत होती. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. दहा मिनिटांनी काळोख झाला, त्याने पुन्हा हात उचलला. मग तिसऱ्यांदा.

संध्याकाळी पोरगा दोन गिऱ्हाइकांना घर दाखवायला घेऊन आला. बाहेर हॉलमध्ये, खोलीखोलीतली वीज दाखवणाऱ्या स्क्रीनसमोर त्याची फुशारकी चालली होती. सगळ्यात जास्त वीज कुठे वाचते, तर म्हणे ह्या खोलीत. एका गिऱ्हाइकाने विचारलं, मग आज दुपारपासून इथे सारखा दिवा कसा लागतोय?

पोरगा दारात आला. म्हाताऱ्याने होता नव्हता तेवढा जीव एकवटून हात उचलला. आता पोराला कळणार होतं. पोरगा मान वर करून छताकडे बघत होता.

"खोटा सिग्नल आहे," तो बाहेरच्यांना म्हणाला. "इथे हलणारं कोणी नाही."

त्याने फोनवर बोट फिरवलं. "आता कोणी चालत आत आलं, तरच लागेल."

दिवा गेला. पडदा खाली आला. काळोखात हात अजून वरच होता.