बोटाखालची ओळ

"बोट अक्षराखाली. लिहिलंय तेच वाचायचं, मनचं घालायचं न्हाई!" बद्रुद्दीन मास्तरांचं हे रोजचं. पोरं पाठ केलेला धडा धडाधडा म्हणत आणि वाचल्याचं सोंग आणत. अशा बोटांवर छडी बराबर पडे.

आज त्यांनी गोष्ट लिहायला सांगितली होती. ऐकलेली नको, डोळ्यांनी पाहिलेली. नावांसकट.

सोनाजीच्या गोजरनं पाटी आणून दिली. मास्तर वाचू लागले. 'बाबानं सादिकचाचाला विहिरीपाशी कुऱ्हाडीनं तोडलं. चाचा पाणी मागत होता.'

पुढची ओळ त्यांना दिसेना. सादिक त्यांचा धाकटा भाऊ, कापूस पिंजून पोट भरणारा. हिंदुस्थानी फौज आली, निजामाचे रझाकार पळाले, आणि त्याच दिवशी सादिक नाहीसा झाला. तो येईल म्हणून मास्तरांनी गाव सोडलं नव्हतं.

इतक्यात दारात सोनाजी आला. पोरीला न्यायला आला होता. खांद्यावर कुऱ्हाड.

"काय लिव्हलं पोरीनं? तोंड काहून उतरलं, मास्तर?"

सोनाजीला अक्षर येत नव्हतं. पाटी पुसून टाकणं सोपं होतं, पण भावाचं एवढंच तर उरलं होतं. मास्तरांचा हात धजेना. त्यांनी ओळीखाली बोट ठेवलं आणि आवाज सावरत म्हटलं, "बाबानं बाभळ तोडली. आमी जळण घरी आणलं."

"हुशार हाय की माझी लेक!" सोनाजी खूश होऊन वळला.

"मास्तर, तुमी मनचं वाचून राहिले," गोजर म्हणाली. "मी तसं न्हाई लिव्हलं."

सोनाजी जागीच थांबला. त्यानं मास्तरांकडे पाहिलं, मग पाटीकडे.

"मंग तूच वाच."

मास्तरांनी मानेनं नको म्हटलं. रोज वाच वाच म्हणून मागे लागणारे मास्तर आज असं का करतात, ते गोजरला कळेना. तिनं पाटी घेतली, बोट ठेवलं आणि सुरू केलं.

पहिल्या ओळीला कुऱ्हाड खांद्यावरून खाली आली. दुसरीला ती मास्तरांच्या डोक्यावर उगारली गेली. पोरं किंचाळली. मास्तर हलले नाहीत. तिसरी ओळ त्यांना ऐकायची होती.

गोजरची मान खालीच होती. एकही अक्षर न गाळता ती वाचत होती, "मी लोटा भरून आणला. बाबानं लाथ मारून सांडला."